स्प्रिंटची नोंद कुठे ठेवावी: जीपीएस घड्याळ, जिमचे ॲप आणि ११० रुपयांची लाँगबुक

मी ५२ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि आठवड्यातून तीन दिवस पहाटे सारसबागेसमोरच्या सणस मैदानावर १०० आणि २०० मीटरचा सराव करते. दोन दिवस संध्याकाळी घराजवळच्या जिममध्ये वजने उचलते. जून २०२४ ते मे २०२५ असे पूर्ण वर्ष मी या सरावाची नोंद एकाच वेळी तीन ठिकाणी ठेवली: मुलाने वाढदिवसाला दिलेले २६,५०० रुपयांचे जीपीएस घड्याळ आणि त्याच्यासोबतचे ॲप, वर्षाला २,४०० रुपये वर्गणी घेणारे व्यायामाचे एक ॲप, आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली २०० पानी लाँगबुक. हा त्या तिन्हींचा आढावा आहे. घड्याळाच्या आणि ॲपच्या कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण मला जे खटकले ते एखाद्या कंपनीच्या हलगर्जीपणापेक्षा या वस्तू मुळात कोणासाठी घडवल्या आहेत याच्याशी निगडित आहे, आणि मैदानावर वेगळ्या कंपन्यांची घड्याळे बांधणाऱ्या मंडळींचा अनुभवही फारसा निराळा नाही.

मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये वयाच्या ३५व्या वर्षापासून दर पाच वर्षांचा एक गट असतो आणि धावपटू आपल्या गटातल्यांशी स्पर्धा करतो. या गटांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली टोरांटोला झाली. २०२२ साली फिनलंडमधल्या टाम्पेरे येथे भगवानी देवी डागर यांनी वयाच्या ९४व्या वर्षी १०० मीटरचे सुवर्णपदक २४.७४ सेकंदांत मिळवले, आणि ‘या वयात कसली स्प्रिंट’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी तोच आकडा ऐकवते. त्या आकड्यात दशांशचिन्हानंतर दोन अंक आहेत, आणि नोंदीच्या साधनाकडून माझी अपेक्षा तिथूनच सुरू होते. लांब पल्ल्याच्या धावपटूला आपण किती धावलो हे लिहून ठेवायचे असते. स्प्रिंटरला किती वेगाने धावलो, त्याआधी किती वेळ थांबलो होतो आणि शरीर कोणत्या अवस्थेत होते, हे लिहावे लागते. माझ्या एका सकाळच्या सरावात खरे धावणे मिनिटभराचेही नसते. बाकीचा तासभर मी चालत असते, उभी असते किंवा बाकावर बसून असते, आणि तरीही तो तास सरावाचाच भाग असतो.

आधी घड्याळाविषयी. जुलैमधल्या एका सकाळी मी ६० मीटरच्या सहा धावा केल्या, प्रत्येक धावेनंतर सहा मिनिटे विश्रांती घेतली, आणि शेवटी घड्याळाने मला सांगितले की मी ४६ मिनिटांत १.९ किलोमीटर अंतर काटले असून माझी सरासरी गती किलोमीटरला २४ मिनिटे १३ सेकंद आहे. त्याखाली सल्ला होता की आजचा व्यायाम हलका झाला, उद्या थोडा जोर वाढवावा. त्या वेळी मला मैदानाच्या पायऱ्यासुद्धा कठडा धरून चढाव्या लागत होत्या. यात घड्याळ खोटे बोलले असे म्हणता येणार नाही, कारण त्याने मोजलेले अंतर आणि वेळ दोन्ही साधारण बरोबर होते. चुकला होता तो त्यांचा भागाकार, कारण धावणे आणि थांबणे यांची सरासरी काढण्यात काहीच अर्थ नसतो.

कमी अंतरावर जीपीएसची मर्यादा फार लवकर उघडी पडते. घड्याळ साधारणपणे सेकंदाला एकदा आपली जागा नोंदवते आणि त्या जागेत काही मीटरांची चूक सहज असू शकते. १० किलोमीटरच्या धावेत ही चूक विरून जाते, पण ६० मीटरच्या धावेत जेमतेम दहा बिंदू मिळतात आणि त्यांतला प्रत्येक बिंदू दोन-चार मीटर इकडेतिकडे असेल, तर त्यावरून काढलेला सर्वोच्च वेग हा अंदाजच ठरतो. एकदा माझा सर्वोच्च वेग सेकंदाला ९.४ मीटर दाखवला गेला होता. तो खरा असता, तर मी तिशीतल्या मुलींनाही मागे टाकले असते. मनगटावरच्या हृदयगतीचेही तसेच आहे. नऊ-दहा सेकंदांच्या धावेत ठोके वर चढेपर्यंत धाव संपलेली असते, आणि आलेखावरचे शिखर मी कमरेवर हात ठेवून उभी असतानाचे असते. ‘लॅप’चे बटण दाबून स्वतःची वेळ घेण्याचा प्रयत्न मी दोनदा केला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या पाच मीटरांत माझ्या हातांची लय बिघडली.

तरीही घड्याळ मी काढून ठेवलेले नाही. ट्रॅकसाठीची वेगळी पद्धत निवडून लेनचा क्रमांक दिला, की ते ४०० मीटरच्या फेऱ्या समाधानकारक मोजते, त्यामुळे गुरुवारच्या २०० मीटरच्या सावकाश धावांना ते उपयोगी पडते. झोप आणि विश्रांतीतली हृदयगती यांचे आकडे मी रोज सकाळी वाचते, आणि ताप येण्याआधी दोन दिवस ते वर सरकलेले मला दोनदा दिसले आहेत. सर्वांत जास्त वापर मात्र त्याच्या उलट्या मोजणीचा होतो: धाव संपली, की सहा मिनिटे लावायची आणि मनगट थरथरले, की पुन्हा रेषेवर जायचे. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आई, म्हणजे मी तुला साडेसव्वीस हजारांचा अलार्म दिला.” त्याचे बरोबर आहे.

वेळ घेण्याचे काम आमच्याकडे काका करतात. ते ७१ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत, स्वतः ४०० मीटर धावतात, आणि त्यांच्या गळ्यात कॅसिओचे जुने स्टॉपवॉच लटकलेले असते. सुरुवातीला मी “चला” असे ओरडून निघत असे आणि काका आवाज ऐकून घड्याळ सुरू करत. आवाजाला ६० मीटर जायला ०.१८ सेकंद लागतो आणि त्यावर काकांच्या बोटाला लागणारा वेळ वेगळाच, त्यामुळे माझ्या सगळ्या वेळा खऱ्याहून चांगल्या येत होत्या आणि मी खुशीत होते. हे लक्षात आणून दिले ते आमच्या सरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी. स्पर्धेत हाताने वेळ घेणारे पंचसुद्धा पिस्तुलाच्या आवाजावर विसंबत नाहीत, धुराकडे किंवा ठिणगीकडे पाहतात. तेव्हापासून काका माझ्या मागच्या पायाच्या पहिल्या हालचालीवर घड्याळ सुरू करतात आणि वहीत प्रत्येक वेळेपुढे मी ‘प.ह.’ असे लिहिते. हाताने घेतलेली वेळ वरच्या दशांशात न्यायची, म्हणजे ९.६२ आले तर ९.७ लिहायचे, हा नियमही आम्ही पाळतो. १०० आणि २०० मीटरसाठी हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने माझे १५.८ हे प्रत्यक्षात १६.०४ होतात, आणि स्पर्धेला जाताना मनात तोच आकडा ठेवलेला बरा असतो.

घड्याळात किंवा ॲपमध्ये वेळ भरताना ती कोणी, कशी आणि कशावरून घेतली, हे लिहायला जागा नाही. एक चौकोन आहे, त्यात आकडा बसतो. दोन महिन्यांनी ९.६ आणि ९.८ शेजारी दिसले, तर मी मंदावले की वेळ घेण्याची पद्धत बदलली, हे त्यावरून कळण्याची काही सोय नाही.

व्यायामाच्या ॲपवर मला कमी लिहायचे आहे, कारण ते आपले काम बऱ्यापैकी करते. मागच्या वेळी किती वजन, किती रेप्स (एका सेटमध्ये, म्हणजे एका दमात, किती वेळा उचलले) हे समोर फिकट अक्षरांत दिसते, दोन सेटमधली विश्रांती ते मोजते, आणि डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचे वजन सरळ उभे राहत उचलणे) ६० किलोचे ५ रेप्स भरले, की एका रेपची अंदाजे कमाल ७० किलो येते हे ते लगेच सांगते. वजनाला रेप्सच्या तिसाव्या भागाने वाढवण्याचे हे एप्लीचे सूत्र कोणालाही कागदावर करता येते, पण ते आपोआप झालेले पाहायला छान वाटते. बारा-पंधरा रेप्सच्या सेटवर मात्र या आकड्याचा भरवसा धरू नये.

माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली म्हणजे, ते ॲप रॉडचे वजन २० किलो गृहीत धरते. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो. आमच्या जिममधला रॉड कोणत्या जातीचा आहे हे तिथल्या कोणालाच सांगता येईना, तेव्हा एका शुक्रवारी मी तो हातात घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले आणि नंतर रॉडशिवाय उभी राहिले. फरक १३ किलोचा निघाला. म्हणजे चार महिने मी ६० म्हणून जे उचलत होते ते ५३ होते. जुन्या नोंदी एकदम दुरुस्त करण्याची सोय ॲपमध्ये नसल्यामुळे त्या तशाच राहिल्या, आणि आलेखात नोव्हेंबरमध्ये एक खड्डा पडला, जो पाहून कोणालाही वाटेल की मी आजारी होते. वहीत मी लाल पेनने एक आडवी रेघ मारली आणि समासात ‘यापूर्वीचे सर्व आकडे ७ ने कमी वाचावेत’ असे लिहिले. काम झाले.

दुसरी तक्रार अशी की ते उचललेल्या एकूण वजनाच्या बेरजेवर खूश होते. स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे सर सेट निम्म्यावर आणतात, वजन तसेच ठेवतात आणि उचलण्याचा वेग वाढवायला सांगतात. पायांत ताजेपणा राहावा हा हेतू असतो. ॲपमध्ये त्या तीन आठवड्यांपुढे खाली जाणारा लाल बाण होता, आणि ‘सातत्य ठेवा’ असा उपदेश.

आता लाँगबुक. उघडल्यावर डावे पान मैदानाचे, उजवे पान जिमचे आणि प्रकृतीचे, एवढीच तिची रचना. एक पान जसेच्या तसे उतरवते (स्पाइक्स म्हणजे तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट):

“मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४. सकाळी ६.१०. रात्री पाऊस, ट्रॅक ओला, लेन २. झोप ५॥ तास. ६० मी. × ५, स्पाइक्स, उभ्याने सुरुवात, प.ह. ९.८, ९.७, ९.६, ९.६, ९.९. विश्रांती ७, ७, ७, ५. शेवटची ऑफिसच्या घाईत. काका म्हणाले, ‘ताई, चार झाल्या, पाचवी नको.’ ऐकले नाही. डाव्या मांडीमागे ओढ, चालताना नाही.”

याच सकाळची घड्याळातली नोंद म्हणजे १.६ किलोमीटर, ४१ मिनिटे आणि एक हिरवे वर्तुळ. वहीतल्या पाच आकड्यांपैकी शेवटचा एकटा वाचला, तर तो थकव्याचा वाटतो; त्याच्याखालच्या ओळीतला ५ वाचला, की तो अपुऱ्या विश्रांतीचा आहे हे कळते. पूर्ण ताकदीच्या धावेनंतर दर १० मीटरमागे एक मिनिट विश्रांती, हा प्रशिक्षकांमधला जुना ठोकताळा आहे आणि पन्नाशीनंतर त्यात कपात करण्यापेक्षा भर घालणेच शहाणपणाचे, असे माझे वर्षभराचे आकडे सांगतात. हे आकडे माझ्याकडे आहेत ते केवळ वहीत विश्रांतीची स्वतंत्र ओळ असल्यामुळे.

वहीची खरी किंमत मला जानेवारीत कळली. मंगळवारी, ७ जानेवारीला, तिसऱ्या धावेत चाळीसाव्या मीटरच्या आसपास डाव्या मांडीमागे कोणीतरी चिमटा काढल्यासारखे झाले आणि मी लंगडत थांबले. त्या सकाळी घड्याळाने मला शंभरपैकी ८४ गुण देऊन ‘सज्ज’ ठरवले होते. हॅमस्ट्रिंगचा तो ताण सहा आठवडे चालला. पहिल्या आठवड्यात करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे मी पाय उशीवर ठेवून वही सुरुवातीपासून वाचून काढली आणि जिथे जिथे ‘ओढ’ हा शब्द आला होता तिथे पेन्सिलीने खूण केली. सात खुणा झाल्या. १५ ऑक्टोबर, १७ डिसेंबर, २४ डिसेंबर, ३१ डिसेंबर आणि आणखी तीन. सगळे मंगळवार होते. गुरुवारी नाही, शनिवारी नाही. मग मी प्रत्येक खुणेच्या आदल्या दिवसाची नोंद उजव्या पानावर पाहिली आणि सातही ठिकाणी सोमवारी संध्याकाळी डेडलिफ्ट लिहिलेली होती, तीही बहुतेकदा ऑफिसातून उशिरा आल्यामुळे आठच्या पुढे केलेली. रात्री नऊला मांडीचे मागचे स्नायू पूर्ण थकवायचे आणि सकाळी सहाला त्यांच्याकडूनच सर्वांत वेगवान काम मागायचे, असा तो प्रकार होता. सात नोंदींवरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, परंतु सर आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांनीही वही पाहून एकच प्रश्न विचारला, की हे इतके दिवस दिसले कसे नाही.

दिसले नाही याचे कारण सोपे आहे. मैदानाची माहिती एका ॲपमध्ये होती आणि जिमची दुसऱ्यात. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. घड्याळात वजनांचा व्यायाम ‘स्ट्रेंग्थ, ५५ मिनिटे’ एवढाच उतरतो, त्यात डेडलिफ्ट होती की दंडांचा व्यायाम होता हे त्याला कळत नाही. ‘ओढ’ हा शब्द तर दोन्हीकडे लिहायलाच जागा नव्हती. टिपणाचा एक कोपरा असतो, पण तो उघडायला तीनदा बोट लावावे लागते आणि घामेजलेल्या बोटांनी ते होत नाही. आता डेडलिफ्ट मंगळवारी संध्याकाळी असते, म्हणजे जड कामे एकाच दिवशी होतात आणि बुधवार पूर्ण मोकळा राहतो. मार्चपासून मे अखेरपर्यंत ‘ओढ’ हा शब्द वहीत एकदाच आला आहे.

व्यायामाचा एकूण ताण एका आकड्यात मांडण्याची एक पद्धत आहे, तीही मी वहीत करून पाहिली: सराव किती जड वाटला याला दहापैकी गुण द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत जिमच्या दिवशी चांगली लागू पडते. स्प्रिंटच्या दिवशी मात्र मी ती सोडून दिली, कारण विश्रांती जितकी जास्त घ्यावी तितकी मिनिटे वाढतात आणि नीट थांबून केलेला सराव घाईघाईत उरकलेल्या सरावापेक्षा जड ठरतो.

वहीचे दोषही सांगायला हवेत. जेल पेनची शाई घामाने आणि दवाने पसरते. साधे बॉलपेन किंवा पेन्सिलच वापरावी. पावसाळ्यात मी ती दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून नेते. ती हरवली तर सगळेच गेले, म्हणून दर रविवारी पानांचे फोटो काढते. आणि वही बेरीज करत नाही. ‘विश्रांती सातच्या वर असताना पाचवी धाव किती मंदावते’ असा प्रश्न पडला, तर ५० पाने उलटावी लागतात.

यासाठी चौथे साधन म्हणून मी ऑगस्टपासून संगणकावरच्या एका फुकट तक्त्याचा आधार घेतला. रविवारी चहानंतर वीस मिनिटे बसून आठवड्याचे आकडे त्यात उतरवते: तारीख, अंतर, धावेचा क्रमांक, वेळ, आधीची विश्रांती, ट्रॅक कोरडा की ओला, आणि एक ते दहा गुण. सुरुवातीला मी सेट आणि रेप्स ‘४-३’ असे लिहिले आणि तक्त्याने त्याची तारीख केली. तो रकाना आधीच मजकुराचा म्हणून ठरवून ठेवावा लागतो. मोबाइलवर हे काम करू नये, चिडचिड होते. पहिली आणि शेवटची धाव यांतला फरक दाखवणारा एक रकाना मी जोडला आहे आणि तो ०.३ सेकंदांच्या वर गेला, की चौकट केशरी होते. मैदानावर आता मी तोच नियम वापरते: काकांनी सांगितलेली वेळ त्या दिवशीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा ०.३ ने वाढली, की स्पाइक्स काढायचे.

कोणी काय घ्यावे, असे विचारले तर माझे मत सरळ आहे. पाच-दहा किलोमीटर किंवा मॅरेथॉन धावणाऱ्यांनी घड्याळ जरूर घ्यावे. शंभर-दोनशे मीटरवाल्यांनी ते पैसे चांगल्या स्पाइक्सवर, फिजिओवर किंवा पहाटे न चुकता येणाऱ्या एखाद्या काकांना वरचेवर नाश्ता खाऊ घालण्यावर खर्च करावेत आणि विश्रांती मोजण्यासाठी साधे डिजिटल घड्याळ बांधावे. जिमच्या ॲपची वर्गणी मी जून २०२५मध्ये भरली नाही. एकट्याने व्यायाम करणाऱ्या आणि लिहिण्याचा कंटाळा असलेल्या माणसाला ते उपयोगी पडेल, फक्त पहिल्याच दिवशी रॉडचे वजन करून घ्यावे.

पहिली लाँगबुक १७ मे रोजी संपली. दुसरी आणली तेव्हा दुकानदाराने ती ११५ रुपयांना दिली. हिच्या डाव्या पानावर मी उजवीकडे दोन बोटांचा रकाना आखून घेतला आहे आणि त्याच्या डोक्यावर ‘काल संध्याकाळी काय केले’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे सकाळी पहिल्या धावेआधी तो भरावाच लागतो.